‘बस’चा फुल फॉर्म नसतो!

‘बसचा फुल फॉर्म काय?’ हा प्रश्न सामान्यज्ञानाच्या नावाखाली वर्षानुवर्षे फिरतो आहे. कुणी तीन अक्षरांना तीन इंग्रजी शब्द जोडून देतो, कुणी सांगतो की आपण आत बसतो म्हणून ती बस. दोन्ही चूक. मुलांना असं पाठ करायला लावू नये, कारण खरी हकीकत कितीतरी सुंदर आहे.

मूळ शब्द ओम्निबस. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘सर्वांसाठी’. फ्रान्समधल्या नांत शहरात 1826च्या सुमारास स्तानिस्लास बोद्री यांनी भाडं देईल त्या कुणालाही नेणारी घोडागाडी सुरू केली आणि हे नाव रूढ झालं. 1829मध्ये लंडनलाही अशी गाडी धावू लागली. पुढे बोलण्यात उरलं फक्त ‘बस’, म्हणजे लॅटिनमधला निव्वळ विभक्तिप्रत्यय. ‘सर्वांसाठी’मधलं ‘सर्वां’ गळून नुसतं ‘साठी’ उरावं तसं! मुंबईत 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट मोटारबस सुरू झाली.

आपलं ‘खाली बस’ वेगळं. ते संस्कृत ‘उपविश्’पासून, जुन्या मराठीतल्या ‘बैसणे’मार्गे आलं. ‘बस झालं आता’मधलं बस फारसी, अर्थ ‘पुरे’. तिन्हींचा उच्चार जुळला, एवढंच.

वीजपेटीतला बसबार मात्र खरोखर गाडीच्या बसचा भाऊबंद आहे: अनेक जोडण्यांना एकत्र वीज पुरवणारी धातूची पट्टी. यूएसबीतला (युनिव्हर्सल सिरियल बस) ‘बी’सुद्धा याच बसचा.