वर्गाची सरासरी घसरली, म्हणजे नक्की कुणाचे गुण घसरले?

शाळेचा निकाल कसा वाचायचा हे कुणाला शिकवायला नको. किती बसले, किती पास झाले, नव्वदच्या वर किती. निकाल लागला की चौकात फ्लेक्स लागतात, त्यांवर हेच असतं. शाळेने मुलांना होती तिथून किती पुढे नेलं, ही वेगळी गोष्ट, आणि ती कुठल्याच फ्लेक्सवर नसते. या दोहोंची गल्लत पालकसभेत, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इतकी चालते की आता ऐकवत नाही. ‘आरटीईची मुलं आली आणि शाळेचं स्टँडर्ड गेलं.’ ‘झेडपीत काय ठेवलंय, निकाल बघा.’

पहिलं वाक्य घ्या. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे आरटीईने, खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वर्गात 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. समजा वर्गात 30 मुलं आहेत, सरासरी 78. त्यांत 10 मुलं आली, ज्यांच्या घरी अभ्यास घेणारं कुणी नाही आणि शिकवणीला पैसे नाहीत. त्यांची सरासरी 50. आता चाळीस जणांची सरासरी काढा: 71. वर्ग सात गुणांनी ‘घसरला’. पण आधीच्या तिसांपैकी एकाचाही अर्धा गुण गेलेला नाही. वर्गात कोण बसलंय एवढंच बदललं. आणि त्या दहा जणांनी वर्षभरात 35 वरून 50 पर्यंत मजल मारली असेल, तर शाळेचं त्या वर्षीचं सगळ्यात चोख काम त्यांच्याच बाकांवर झालंय. सरासरीत मात्र ते खोट म्हणून दिसतं.

यावर ठरलेला प्रश्न येतो: कच्ची मुलं असली की शिक्षक हळू जातात, त्याचं काय? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर सरासरीत सापडत नाही. आधीपासून असलेल्या मुलांचे गुण वेगळे काढून बघावे लागतात. दिल्लीतल्या खासगी शाळांना गरीब मुलांना जागा देणं बंधनकारक झालं, तेव्हा अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी नेमकं तेच केलं. सधन घरच्या मुलांचे इंग्रजीचे गुण किंचित उतरले होते, हिंदी आणि गणितात फरक नव्हता. तीच मुलं इतरांशी जास्त उदारपणे वागत होती आणि गरीब मुलांबाबत भेदभाव कमी करत होती. इंग्रजीतला तो किंचित उतार मान्य करूनच बोलायला हवं, पण ‘स्टँडर्ड गेलं’ म्हणावं असं त्यात काही नाही.

उलटंही होतं, न शिकवता निकाल वर जातो. नववीत कच्च्या मुलाच्या पालकांना ऑफिसात बोलावतात. ‘याचं काही खरं नाही, दाखला घ्या आणि 17 नंबरचा फॉर्म भरा.’ मुलगा दहावीला खासगी विद्यार्थी म्हणून बसतो, तो नापास झाला तरी शाळेच्या टक्केवारीत येत नाही. शाळा शंभर टक्के! या प्रकाराला मी गुणवत्ता म्हणणार नाही, कितीही मोठा फ्लेक्स लावा.

जिल्हा परिषदेच्या शाळेला ही सोय नाही. दाराशी येईल ते मूल घ्यायचं, वर्षाच्या मध्यात आलं तरी. बीडकडे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आईबापांबरोबर काही मुलंही फडावर जातात. हंगामी वसतिगृहामुळे थोडी गावात राहतात. बाकीची पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर परततात, तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. चाचणीच्या दिवशी ती गैरहजर असतील तर सरासरी चांगली येते, हजर असतील तर पडते. दोन्ही वेळा गुरुजी तेच, शिकवणं तेच.

म्हणून मला निकालापेक्षा एकाच मुलाच्या दोन चाचण्या बघायला आवडतात. सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी होते, शेवटी संकलित. दोन्हींना बसलेल्या मुलांचेच गुण शेजारी ठेवा. यंदाच्या तिसरीची गेल्या वर्षीच्या तिसरीशी तुलना नको, ती मुलंच वेगळी. दोन्ही पेपर सारखे कठीण नसतात, तेव्हा नुसती वजाबाकी करून भागत नाही. तेच पेपर सोडवलेल्या आसपासच्या शाळांची मुलं किती सरकली तेही बघायचं. शिवाय 92 वरच्या मुलाला वर जायला जागाच थोडी असते.

खासगी शाळेत प्रवेश घ्यायला निघाला असाल तर ऑफिसात एवढंच विचारा: नववीच्या पटावर किती मुलं होती, आणि त्यांतली किती याच शाळेतून दहावीला बसली?