मिनी ट्रॅक्टरचा एअर फिल्टर रोज उघडू नका

नमस्कार.

"फिल्टर तर रोज साफ करतो, मग इंजिन ऑइल कसं काय खातंय?" हा प्रश्न आमच्या वर्कशॉपमध्ये इतक्यांदा येतो, की त्याचं उत्तर छापून प्रत्येक सर्व्हिसच्या बिलासोबत द्यायचं आम्ही ठरवलं. डिपस्टिक कशी बघायची, ग्रीस कुठे मारायचं हे तुम्हाला माहीत आहे असं धरूनच पुढचं लिहिलं आहे.

उत्तर असं, की बऱ्याचदा ते रोजचं साफ करणंच नडतं.

हे सांगतोय ते कोरड्या, कागदी फिल्टरबद्दल. जुन्या मॉडेलांवर तेलाची वाटी असलेला ऑइल बाथ एअर क्लीनर असतो, त्याचा न्याय वेगळा. धुळीच्या कामात ती वाटी वरचेवर बघायलाच हवी. तळाशी गाळ साचला किंवा तेल घट्ट झालं की वाटी धुवायची आणि नवं तेल खुणेपर्यंतच भरायचं. खुणेच्या वर गेलेलं तेल इंजिन ओढून घेऊ शकतं, आणि त्या तेलावर डिझेल इंजिन किल्ली बंद केली तरी बेफाम पळू शकतं.

आता कागदी फिल्टर. एक लिटर क्षमतेचं इंजिन 2500 आरपीएमला मिनिटाला साधारण हजार लिटर हवा ओढतं, म्हणजे तासाला 60 घनमीटर. रोटाव्हेटर लावलेला असला की यातली बरीचशी हवा धुळीच्या लोटातूनच येते. मातीच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. कठीणपणाच्या मोह्स मोजपट्टीवर क्वार्ट्झ 7 वर येतो, लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्याच्या, बिडापेक्षा तो कठीण. पिस्टनवरची रिंग आणि लायनर यांच्यामधला ऑइलचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, आणि माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास. आत गेलेले कण रिंग आणि लायनर घासतात, मग ऑइल त्या फटीतून वर जाऊन जळतं, आणि इंजिन ऑइल खायला लागतं. इंजिन घासणारा हा कण इतका बारीक असतो की तो तुम्हाला दिसतच नाही. "आत धूळ गेलेली दिसली नाही" म्हणून इंजिन सुरक्षित आहे असं धरून चालता येत नाही.

कोरा फिल्टर सगळ्यात बारीक गाळतो असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात उलट घडतं. कागदावर धुळीचा पहिला पातळ थर बसला की तो थरच पुढची बारीक धूळ अडवायला लागतो. थोडा वापरलेला, मळकट दिसणारा फिल्टर नव्यापेक्षा बारीक गाळतो. रोज झटकला की तो रोज पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. शिवाय फिल्टर बाहेर काढताना डब्याच्या कडेवरची धूळ आतल्या स्वच्छ बाजूला सांडते, आणि सतत काढ-घाल केल्याने रबरी सील सैल होतं. एकदा सीलपाशी फट पडली की कागद कितीही चांगला असला तरी हवा फटीतूनच जाणार.

साफ करण्याची पद्धतही बहुतेकांची चुकते. टायरवर आपटला की फिल्टरच्या टोकाची पत्र्याची टोपी चेपते, मग सील नीट बसत नाही. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर 8 बारच्या घरात हवा मारतो, तेवढ्या जोराने घडीचा कागद फाटतो. हवा मारायचीच तर 2 बारच्या आत, नोझल लांब धरून, आणि आतून बाहेर. बाहेरून आत मारलेली हवा धूळ कागदात ठोकून बसवते. डिझेलने किंवा पेट्रोलने धुतलेला फिल्टर तर पुन्हा लावूच नका. साफ केल्यावर अंधारात फिल्टरच्या आत टॉर्च धरून बाहेरून बघा. कुठे टाचणीएवढा जरी उजेडाचा ठिपका दिसला, तरी तो फिल्टर संपला.

ज्या मॉडेलात बाहेरच्या फिल्टरच्या आत आणखी एक छोटा फिल्टर असतो, त्या आतल्याला साफ करायला हातच लावू नका. तो गाळण्यासाठी नाही, बाहेरचा फाटला तर इंजिन वाचवण्यासाठी आहे. तो फक्त बदलायचा.

मग उघडायचा कधी? डब्यावर फिल्टर तुंबल्याचं दाखवणारा इंडिकेटर असेल तर त्यात लाल पट्टी दिसली की. नसेल तर पुस्तिकेतल्या तासांप्रमाणे. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक मॉडेलांच्या पुस्तिकांत दर 100 तासांनी साफ करा, आणि वर्ष झालं किंवा सहा वेळा साफ करून झाला की बदला, असं लिहिलेलं आहे. खूप धुळीच्या कामात हे तास कमी होतात, पण सहसा रोजच्यावर येत नाहीत. इंजिन ओढेनासं झालं आणि लोडवर काळा धूर मारू लागलं, तर मात्र तासांची वाट न बघता फिल्टर तपासा.

रोज काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नाही, अशी काळजी घेणारी माणसं आमच्या ग्राहकांत पुष्कळ आहेत आणि त्याचा आम्हाला आनंदच आहे. त्यांच्यासाठी रोजचं काम हे: डब्याच्या खालच्या अंगाला रबराची चोच असते, ती दोन बोटांनी दाबा. जाडी धूळ तिथूनच खाली पडते, फिल्टरपर्यंत पोचतही नाही. ही चोच खाली तोंड करूनच असायला हवी. झाकण उलटं बसवल्यामुळे चोच वर आलेले ट्रॅक्टर आमच्याकडे येतात. काहींची चोच तुटून पडलेली असते आणि तिथे चिंधी कोंबलेली असते. चोच तुटली की बदलून घ्या, अगदी लहान वस्तू आहे. सोबत फिल्टरपासून इंजिनपर्यंत जाणारी रबरी नळी चाचपून बघा. वाकलेल्या जागी, खालच्या बाजूने तिला चिरा जातात आणि वरून काहीच दिसत नाही. क्लॅम्प ढिला असेल तर तोही आवळा.

आता आमच्या कामाबद्दल, कारण यावरून कधीकधी नाराजी होते.

ऑइल खाणारं इंजिन आलं की आम्ही लगेच हेड उघडत नाही. आधी फिल्टरनंतरची नळी सोडवून आत पांढरं फडकं फिरवतो. ते स्वच्छ यायला हवं. मळलं, तर धूळ कुठून शिरते ते शोधतो. मग ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, किती धूर येतो ते बघतो, कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजतो. यात वेळ जातो आणि "नुसतं तपासायला इतका वेळ?" असं ऐकावं लागतं. पण शिरकावाची जागा न शोधता नवा लायनर-पिस्टन टाकला, तर त्याच धुळीने नवा सेटही लवकरच घासतो. त्या वेळी दुसऱ्यांदा इंजिन उघडण्याचा खर्च तुमच्या माथी येतो. तो आम्हाला नको आहे.

आणि इथेच आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. ट्रॅक्टर वर्कशॉपला न्यायचाय म्हणून लोक आदल्या दिवशी फिल्टर झटकतात, नळी आतून पुसतात, कुणी इंजिन प्रेशरने धुऊन आणतात. भावना चांगली असते, पण धुळीचा माग पुसला जातो. नळीत कोणत्या बाजूला धूळ साचली आहे यावरून चीर नेमकी कुठे आहे ते कळतं. पुसलेल्या नळीत तेच शोधायला अर्धा दिवस मोडतो. कृपया ट्रॅक्टर आहे तसा, मळलेलाच आणा. धुण्याचं काम आम्ही तपासणीनंतर करून देतो.

सर्व्हिसच्या वेळी आम्ही जुना फिल्टर हवा मारून परत लावत नाही, नवाच सुचवतो, याबद्दलही विचारणा होते. कागदाची किती घडी आतून फाटली आहे हे दर वेळी डोळ्यांना कळेलच असं नाही, आणि न कळलेल्या गोष्टीची हमी आम्ही देऊ शकत नाही. तुमच्या मॉडेलच्या मापाचा, सीलसकट नीट बसणारा फिल्टर आमच्याकडे असतो. बाहेरून घेतलात तरी आमची हरकत नाही. फक्त तो लावल्यावर हाताने हलवून बघा, तो खुळखुळता कामा नये.

बाकीच्या देखभालीतल्या दोन-चार गोष्टी, ज्या वर्षानुवर्षे ट्रॅक्टर बाळगणाऱ्यांकडून राहून जातात.

मिनी ट्रॅक्टरचे तास हळू भरतात. मीटरवर तास कमी आहेत म्हणून इंजिन ऑइल दोन-दोन, तीन-तीन वर्षं तसंच ठेवलं जातं. थोडा वेळ चालवून बंद केलेल्या इंजिनात ओल साठते, कारण ऑइल पुरेसं तापतच नाही. म्हणून तास भरोत वा न भरोत, ऑइल आणि ऑइल फिल्टर वर्षाला बदला. कूलंटलाही वयच असतं, पुस्तिकेत बहुधा दोन वर्षांचा उल्लेख सापडेल. त्यात विहिरीचं किंवा नळाचं पाणी घालू नका, क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. उभा ठेवायचा असेल तर डिझेलची टाकी भरून ठेवा, म्हणजे रिकाम्या जागेत दव धरत नाही. बरेच दिवस उभा असलेला ट्रॅक्टर सुरू करण्याआधी एअर क्लीनरच्या तोंडात आणि बॉनेटखाली उंदरांचं घरटं नाही ना, एवढं बघा.

गिअर आणि हायड्रोलिकचं तेल बहुतेक मिनी ट्रॅक्टरांत एकच असतं, आणि ओले ब्रेक असतील तर तेही त्यातच बुडालेले असतात. तिथे साधं गिअर ऑइल ओतू नका. ब्रेक लावताना खरखर, थरथर सुरू होते ती यामुळे. पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचंच तेल वापरा. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं आहे, तेव्हा लिफ्ट वापरत न बसता आधी दाखवा.

फोर व्हील ड्राइव्ह असेल तर कडक रस्त्यावर तो बंद करा. पुढची चाकं मुद्दाम किंचित जास्त वेगाने फिरतील अशी ठेवलेली असतात. मातीत ती घसरून जुळवून घेतात. डांबरी रस्त्यावर घसरायला जागा नसते आणि सगळा ताण गिअरवर आणि टायरवर येतो. त्यामुळेच पुढचे किंवा मागचेच टायर वेगळ्या मापाचे घालण्याआधी आम्हाला विचारा.

पीटीओ, म्हणजे मागच्या अवजाराला फिरवणारा शाफ्ट, 540 आरपीएमला म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलेला ट्रॅक्टर आम्ही कव्हर बसवल्याशिवाय परत देत नाही, आणि यावर आमचं बोलणं पक्कं आहे. सीटमागची सुरक्षा कमान उभी असेल तेव्हा पट्टा लावा, आडवी केली असेल तेव्हा पट्टा लावू नका. कमानीवर वेल्डिंग किंवा भोक करू नका, तिची ताकद जाते.

येताना मॉडेल आणि इंजिन नंबर, अवर मीटरचं रीडिंग आणि गेल्या सर्व्हिसपासून किती ऑइल टॉप-अप केलं ते लिहून आणा. दर किती तासांनी किती ऑइल घालावं लागलं, एवढी नोंद असली तर आमची निम्मी तपासणी तिथेच होते. अशी नोंद ठेवायला छोटी वही आम्ही प्रत्येक सर्व्हिससोबत देतो, काउंटरवर मागून घ्या.