आबांना सिस्टर भरवत का नाही?

घरी नर्सिंगसेवा घेणाऱ्या कुटुंबांसाठी

आमच्याकडे येणारी एक तक्रार नेहमीची आहे. "महिन्याचे पैसे मोजतो, तरी सिस्टर ताट आबांच्या पुढ्यात ठेवते आणि बाजूला बसून राहते. दोन घास भरवायला काय होतं?" बोलणाऱ्याचा जीव तुटत असतो, हे आम्हाला कळतं. म्हणूनच हे पत्रक. आजाऱ्याची सेवा म्हणजे नेमकं काय, यावर नर्सिंगमध्ये दीडशेहून अधिक वर्षं विचार झाला आहे. सिस्टर जे करते आणि जे मुद्दाम करत नाही, ते त्यातूनच आलेलं असतं.

व्हर्जिनिया हेंडरसन या अमेरिकन नर्सने केलेली नर्सिंगची व्याख्या आजही शिकवली जाते. माणसाच्या अंगात ताकद, मनात इच्छा आणि हाताशी माहिती असती, तर जे त्याने आपलं आपण केलं असतं, त्यातच त्याला मदत करायची. तीही अशी, की लवकरात लवकर त्याला आपली गरज उरू नये. तिने १४ गरजा सांगितल्या. श्वास, खाणंपिणं, झोप, कपडे यांच्याबरोबर त्यांत देवधर्म, काम आणि करमणूकही आहे.

डोरोथिया ओरेम या दुसऱ्या अमेरिकन नर्सने हेच तीन पायऱ्यांत मांडलं. काही आजाऱ्यांचं सगळंच नर्सला करावं लागतं. काहींचं थोडं नर्स करते, थोडं ते स्वतः करतात. आणि काहींना फक्त शिकवायचं, पाठीशी उभं राहायचं. आबा आज कोणत्या पायरीवर आहेत, हे सिस्टर रोज सकाळी नव्याने बघते. ताप आला तर त्या दिवशी ती स्वतः भरवेलही.

आता जेवणाचंच घ्या. आबांना अर्धांगवायू झालाय, उजवा हात उचलत नाही. सिस्टर त्यांना ताठ बसवते, हनुवटी किंचित खाली. ताट सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं. कळण्याची भाकरी वरणात कुस्करलेली. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केलेला, म्हणजे डाव्या मुठीत बसतो. पहिले चार घास सांडतात. ते बघवत नाही, मान्य आहे. पण त्या वेळी सिस्टर रिकामी बसलेली नसते. घास गिळल्यावर खोकला येतो का, आवाज घोगरा, ओलसर होतो का, लुळ्या बाजूच्या गालात अन्न साठतंय का, हे ती बघत असते. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो, आणि घाईने भरवताना हा धोका वाढतो. जेवणाला पाऊण तास लागला तरी चालेल. नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. गिळण्याची तपासणी झाली नसेल, तर डॉक्टरांनी सांगेपर्यंत तोंडाने काहीच द्यायचं नाही, पाण्याचा घोटही नाही.

सुरुवातीच्या काळात एका घरी आम्हीही चुकलो. घरच्यांच्या आग्रहाखातर एका आजींना तीन महिने भरवलं. पुढे त्या हातात चमचा घेईनात. ती चूक आम्ही पुन्हा करणार नाही.

हवेचं. फ्लोरेन्स नाइटिंगेलने १८५९ सालीच लिहून ठेवलंय की नर्सचं पहिलं काम म्हणजे आजाऱ्याच्या खोलीतली हवा बाहेरच्याइतकी शुद्ध ठेवणं, पण त्याला गारठू न देता. तिच्यापुढे इंग्लंडची थंडी होती, आपल्यापुढे जळगाव-भुसावळचा वैशाख आहे, पारा ४५ अंशांवर नेणारा. म्हणून आपल्याकडे पहाटे आणि रात्री खिडक्या उघड्या, दुपारी झळांना बंद. कूलर चालू असेल तेव्हा मात्र एक खिडकी किलकिली हवीच, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो. झोत थेट अंगावर नको. म्हातारपणी तहान कमी लागते, त्यामुळे आबा मागतील तेव्हा पाणी देऊ, असं म्हणून चालत नाही. सिस्टर घड्याळ बघून देते. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारात डॉक्टरांनी ठरवून दिलं असेल तेवढंच.

झोपून असलेल्या माणसाची कूस सिस्टर साधारण दर दोन तासांनी बदलते, रात्रीसुद्धा. माकडहाड, खुबा, टाच इथे हाडाखाली कातडी दबते, रक्त पोचत नाही आणि जखम होते. लाल डागावर बोट दाबून बघा. डाग पांढरा पडत नसेल तर जखमेची सुरुवात झाली आहे. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथे हात लावून बघावं लागतं, जागा गरम किंवा कडक लागते. अशा जागेवर तेल चोळू नका. माया म्हणूनच चोळतात, पण आतली नाजूक कातडी त्याने आणखी दुखावते.

मॅडेलिन लेनिंजर या नर्सने सांगितलेली गोष्ट आम्हाला सगळ्यात जवळची वाटते. आजाऱ्याच्या घरच्या रीतींपैकी काही जपायच्या, काही थोड्या वळवायच्या, काही बदलायच्या. गळ्यातली तुळशीमाळ, कानबाईच्या दिवशी पलंग देवीसमोर नेणं, हे जपायचं. इन्सुलिनवर असलेल्या जिजींची एकादशी डॉक्टरांशी बोलून वळवायची. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला तापल्या विटेचा शेक मात्र थांबवायचाच, कारण चटका बसलेला त्यांना कळणारच नाही. अहिराणी हीसुद्धा जपायचीच गोष्ट. आठवडाभर "बरं आहे" एवढंच म्हणणाऱ्या माणसाला "दुखस का?" असं विचारलं, की तो नेमकी जागा दाखवतो. म्हणून शक्यतो अहिराणी येणारीच सिस्टर आम्ही पाठवतो.

जीन वॉटसन या नर्सने १९७९ पासून नर्सच्या मनापासून जवळ असण्यालाही उपचाराचं मोल दिलं. सिस्टर शेजारी बसून नुसती ऐकत असेल, तर तिला दुसरं काम सांगू नका.

एक व्यवहाराची गोष्ट. एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षांचा, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आम्हाला मागून बघा. मदतनीस बाई म्हणजे नर्स नव्हे, तिला इंजेक्शन द्यायला सांगू नका.

पहिल्या दिवशी सिस्टर तासभर नुसतं विचारेल. आबा किती वाजता उठायचे, चहा कसा घ्यायचे, शेतात जायचे की दुकानात बसायचे, कोणत्या कुशीवर झोपायचे. कंटाळू नका, सगळं सांगा. आणि घरात त्यांना कोणत्या नावाने हाक मारता, तेही वहीत पहिल्याच ओळीत लिहून द्या.