पंक्तिसेवा: पुण्यातल्या मंडळीच्या जेवणामागचा इतिहास

नाताळ जवळ आला की पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती देवालयांत, म्हणजे चर्चमध्ये, एक वही फिरू लागते. प्रीतिभोजनाला, म्हणजे मंडळीच्या (चर्चच्या सभासदांच्या) एकत्र जेवणाला, कांदा कोण चिरणार, भाताच्या पातेल्याजवळ कोण उभं राहणार, वाढायला कोण, भांडी घासायला कोण. मंडपवाल्याकडून मोठे टोप आणि झारे येतात, आवारात शेगड्या लागतात, आणि एरवी बँकेत किंवा शाळेत काम करणारी माणसं आदल्या रात्रीपासून आचारी होतात. शंभर माणसांमागे दहा-बारा किलो तांदूळ हा हिशोब सगळ्यांना तोंडपाठ असतो. बाहेरच्याला वाटतं, पैसे वाचवायला हे चाललंय. पैसे वाचतातही. पण ज्या शहरात ‘कोणाच्या हातचं खाल्लंस?’ या एका प्रश्नावर माणसं वाळीत पडत होती, तिथे मंडळीने आपल्या हाताने रांधून एका पंगतीत जेवणं याचं वजन निराळं आहे.

बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमेतलं एक भांडण आहे. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते, अशी तक्रार आली. तेव्हा प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांच्या, सांगण्यावरून मंडळीने सात माणसं निवडली आणि ते काम त्यांच्यावर सोपवलं गेलं. मराठी बायबलात या कामाला ‘पंक्तिसेवा’ हा शब्द आहे. मला तो फार नेमका वाटतो. आपल्याकडे पंक्ती म्हटलं की पंक्तिभेदही लगेच आठवतो, आणि मुळातली तक्रारही भेदाचीच होती.

करिंथ गावातही तेच. तिथल्या एकत्र जेवणात कोणी आपलं आधी उरकून घेई, कोणी उपाशी राही, तर कोणी पिऊन तर्र. ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाने पत्र लिहून खडसावलं, जेवायला जमता तेव्हा एकमेकांची वाट पाहा. अंत्युखिया शहरात तर येशूचा शिष्य खुद्द पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता आणि यरुशलेमेतल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं येताच पंगतीतून मागे सरला. पौलाने त्याला तोंडावर दोष दिला. पौलाच्या ‘गलतीकरांस पत्र’ यातला हा प्रसंग महाराष्ट्रात वाचताना वेगळं भाष्य लागत नाही.

पुढे सुमारे इ. स. ११२ मध्ये प्लिनी या रोमन अधिकाऱ्याने सम्राट त्राजानला कळवलं की ख्रिस्ती माणसं एकत्र जमून जेवतात, आणि ते अन्न साधं, निरुपद्रवी असतं. चौथ्या शतकात लावदिकीयाच्या धर्मसभेने देवालयांत अशी जेवणं घालायला मनाई केली. उपासनेत उरलं ते प्रभुभोजन, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारस. अठराव्या शतकात मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळ्यांनी आणि नंतर मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्लीने प्रीतिभोजन पुन्हा सुरू केलं.

पुण्यात ख्रिस्ती देवालय पेशवाईतच आलं. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला १७९२ मध्ये सवाई माधवरावांच्या काळात जागा मिळाली, ती पेशव्यांच्या सैन्यातल्या ख्रिस्ती लोकांसाठी. पण रोटीव्यवहाराचा प्रश्न पेटला तो पुढच्या शतकात, गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये, आणि तोही जेवणावरून नव्हे, चहावरून.

१८९० मध्ये मिशनने शहरातल्या प्रतिष्ठितांना बोलावलं. यात पुढाकार होता डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांचा. न्यायमूर्ती रानडे आले, टिळक आले, गोखले आले. चहा-बिस्किटं पुढे ठेवली गेली. काहींनी घेतली, काहींनी नाही. मग ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात नावं छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, आणि त्यासाठी त्यांना सुधारकांकडूनही बोल ऐकावे लागले. एका कपामुळे एवढं. त्याच आवारात आज कोणी पाहुण्याला सहज चहा विचारतं, तेव्हा मला ही गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही.

त्याच १८९० मध्ये पंडिता रमाबाईंनी विधवांसाठीचं शारदासदन मुंबईहून पुण्याला आणलं. त्या स्वतः ख्रिस्ती, तरी सदनातल्या ब्राह्मण विधवांना आपला आचार पाळून वेगळं रांधता येईल अशी सोय त्यांनी ठेवली होती. पुढे दुष्काळ पडले. १८९६ नंतर मध्य प्रांतातून आणि मग गुजरातेतून शेकडो उपाशी मुली-बाया रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आल्या. एवढ्यांची चूल तिथल्या बायकाच सांभाळत. मोठ्या मंडळीसाठी आपल्यातल्यांनीच रांधायचं, याचं पुणे जिल्ह्यातलं सर्वांत मोठं उदाहरण मला हेच वाटतं.

हे सगळं सरळ रेषेत घडलं नाही. अहमदनगर भागात आणि इतरत्र बाप्तिस्मा घेतलेल्यांत महार आणि मांग समाजांतली माणसं मोठ्या संख्येने होती. जात बाप्तिस्म्याच्या पाण्यात विरघळली नाही. सोयरिकीत ती राहिली, कुठेकुठे पंगतीतही. म्हणूनच चुलीपाशी कोण उभं आहे, याला अर्थ आला. एकाने भाजलेला मसाला दुसऱ्याने रश्शात घालायचा आणि तिसऱ्याने वाढायचा, आणि जेवताना यातला कोण कुठल्या घरचा हे कोणी विचारायचं नाही.

अलीकडे काही मंडळ्या जेवणाचं काम केटररला देतात. आवारं लहान आहेत, सुट्टी मिळत नाही, माणसं पिंपरी-चिंचवडपासून हडपसरपर्यंत पांगली आहेत. कारणं खरी आहेत, त्यांना नावं ठेवता येणार नाहीत. तरी रस्सा बाहेरून आला तरी वाढायला आपलीच माणसं लागतात, आणि बऱ्याच ठिकाणी भात अजून आवारातच शिजतो. रांधणारे शेवटच्या पंगतीला बसतात, आणि तेव्हा त्यांना वाढायला आधी जेवून उठलेले कंबर कसून उभे राहतात.