धुराड्याजवळची ओल येते कुठून?

बेळगावच्या कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांत फायरप्लेसची धुराडी आहेत, खानापूर-जांबोटीकडच्या घरांत न्हाणीतल्या चुलीची. गॅस आला, चुली विझल्या, धुराडी तशीच राहिली. दर पावसाळ्यात त्यांच्याभोवतीचा गिलावा पिवळट पडतो, पोपडे धरतो. लोक घर शाकारतात, रंग मारतात. पुढच्या आषाढात डाग तिथेच. म्हणून कळकळीने सांगतो, गवंड्याला बोलावण्याआधी डाग नेमका कधी ओला होतो ते लिहून ठेवा.

पाऊस लागल्यावर थोड्याच वेळात डाग पसरत असेल, तर पाणी वरून येतंय. धुराडं छपरातून बाहेर पडतं तिथे चढाकडची बाजू आधी बघा. वाहत आलेलं पाणी तिथे अडतं, पालापाचोळा साचतो. लाकडी वासे-रिपा ओलीने फुगतात, उन्हाने आकसतात. जांभ्याचं धुराडं जागचं हलत नाही. मधलं सिमेंट तडकतं आणि केसाएवढी चीरही पुरते. इथे पुन्हा सिमेंट थापू नका, जस्ती पत्रा बसवा. त्याची वरची कड दगडांच्या सांध्यात खाच पाडून घुसवायची. चढाकडे पत्रा कौलांखाली जातो, उताराकडे कौलांवर येतो.

पाऊस नसताना, थंडीच्या पहाटे ओल दिसली, तर बंद धुराड्यातल्या बाष्पाचा संशय घ्यावा. वर शहाबादी फरशी, खाली विटांनी बुजवलेलं तोंड, मग आतली दमट हवा जाणार कुठे? वर बाजूंनी मोकळी टोपी आणि खाली झरोका ठेवला की धुराडं वाळतं.

तिसरं कारण मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. वर्षानुवर्षांच्या धुरातली वाफ आतल्या थंड दगडावर जमते, आणि तिच्यात विरघळलेले नायट्रेट, क्लोराइड, सल्फेट हे क्षार सच्छिद्र जांभ्यातून गिलाव्यापर्यंत झिरपतात. यातले काही क्षार हवेतलं बाष्प ओढून स्वतःच पाझरतात. २५ अंश सेल्सिअसला साध्या मिठाला सुमारे ७५ टक्के आर्द्रतेत पाणी सुटतं, कॅल्शियम नायट्रेटला तर ५० टक्क्यांच्या आसपासच. बेळगावात जुलै-ऑगस्टमध्ये हवा यापेक्षा कितीतरी दमट असते. म्हणजे छप्पर ठणठणीत असलं, बाहेर नुसतं धुकं असलं, तरी भिंत ओली. ओल मोजायचं यंत्रही इथे फसवतं, कारण ते बहुधा विजेचं वहन मोजतं आणि क्षारांमुळे वहन वाढतं.

अशा गिलाव्यावर वॉटरप्रूफ रंग म्हणजे पैसे पाण्यात. डागाच्या कडेपासून वीतभर पुढेपर्यंत गिलावा दगडापर्यंत खरवडून काढा आणि तो चुरा घराबाहेर टाका, नव्या मालात मिसळू देऊ नका. नवा गिलावा चुन्याचाच हवा; त्यातून भिंतीतली वाफ बाहेर पडते, सिमेंटमागे ती कोंडते. दगडात खोल मुरलेले क्षार पुन्हा वर येतील, तेव्हा पहिल्या एक-दोन पावसाळ्यांनंतर उमटलेला पांढरा लोणा कोरड्या ब्रशने झाडून टाका. त्यावर पाणी मारलं तर तो विरघळून परत भिंतीत जातो.