शिरोवस्त्र, कॅथलिक स्त्रियांचे

चर्चमध्ये, विशेषतः मिस्सा (ख्रिस्तप्रसादाचा मुख्य उपासनाविधी) आणि पवित्र साक्रामेंताची (ख्रिस्तप्रसादाची) आराधना यांच्या वेळी, कॅथलिक स्त्रिया डोक्यावर घेतात ते वस्त्र. लेसचा मँटिला, ओढणी, स्कार्फ, टोपी अशी त्याची अनेक रूपे आढळतात. धर्मभगिनींचे शिरोवस्त्र याहून वेगळे आहे. ते व्रताचे चिन्ह व संघाच्या वेषाचा भाग असल्याने त्याचा विचार येथे केलेला नाही. सामान्य स्त्रीवर आज शिरोवस्त्राचे कायदेशीर बंधन नाही. जी ते घेते ती आपण होऊन घेते.

प्रथेचा मूलाधार म्हणजे संत पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातील अकरावा अध्याय (ओव्या २–१६). हे पत्र साधारणपणे इ. स. ५३ ते ५५ च्या दरम्यानचे मानले जाते. प्रार्थना करताना किंवा संदेश देताना पुरुषाने डोके उघडे ठेवावे व स्त्रीने झाकावे, असे पौल सांगतो. कारणे मात्र एकाहून अधिक देतो. स्त्री-पुरुषांच्या उत्पत्तीचा क्रम, निसर्ग, ख्रिस्ती मंडळ्यांची रूढी आणि ‘देवदूतांमुळे’ हे सर्वांत दुर्बोध कारण, अशी ती आहेत. करिंथ ही त्या काळी रोमन वसाहत होती आणि रोमन पुरुष यज्ञ करताना डोक्यावरून वस्त्र घेत असत. त्यामुळे पौलाचा रोख निदान काही अंशी पुरुषांवरही असावा, असे काही अभ्यासकांना वाटते. बायबल-अभ्यासक जेरोम मर्फी-ओकॉनर यांच्या मते वाद वस्त्राचा नसून केशरचनेचा होता. तथापि प्राचीन टीकाकारांनी हा उतारा जवळजवळ एकमुखाने वस्त्राविषयीच वाचला आहे, हे दुर्लक्षिण्याजोगे नाही.

‘स्त्रीने डोके झाकूनच चर्चमध्ये यावे’ असा आदेश पोप लायनस याने संत पीटरच्या आज्ञेवरून दिला, असे ‘लिबेर पोंतिफिकालिस’ हा पोपचरित्रांचा संग्रह सांगतो. परंतु हा संग्रह सहाव्या शतकातला, म्हणजे लायनसनंतर सुमारे साडेचारशे वर्षांचा असल्याने त्याला पहिल्या शतकाचा पुरावा मानता येत नाही. अधिक भक्कम साक्ष उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याची आहे. तिसऱ्या शतकाच्या आरंभी त्याने कुमारिकांच्या शिरोवस्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. विवाहित स्त्रियांनी डोके झाकावे की नाही हा त्याच्यापुढचा प्रश्नच नव्हता. ते गृहीत होते. वाद होता तो अविवाहितांना सूट असावी का, याचा. विरोधक रूढीचा आधार घेत, तर टर्टुलियन म्हणे की ख्रिस्ताने स्वतःला सत्य म्हटले, रूढी नव्हे. कानांपर्यंतही न पोहोचणारे तागाचे चिमुकले तुकडे डोक्यावर ठेवणाऱ्यांना तो झोडपतो आणि मोकळे सोडलेले केस जिथवर येतात तिथवर वस्त्र आले पाहिजे, असे माप देतो. पुढील काळातल्या लेसच्या छोट्या चकतीने त्याचे समाधान झाले नसते.

गॉलमधील (आजच्या फ्रान्समधील) ओसेर येथील धर्मसभेचे (सहाव्या शतकाचा उत्तरार्ध, बहुधा ५७८ ते ५८५ दरम्यान) दोन नियम बरेच चर्चिले गेले आहेत. छत्तिसाव्या नियमानुसार स्त्रीने उघड्या हाताने ख्रिस्तप्रसाद घेऊ नये. बेचाळिसाव्यानुसार तिच्यापाशी ‘दोमिनिकालिस’ असावी, नसल्यास तिने पुढील रविवारपर्यंत थांबावे. ही वस्तू हातावर पसरायचे कापड की शिरोवस्त्र, यावर मतभेद आहेत. आर्लचा बिशप सेझेरियस एका प्रवचनात स्त्रिया ख्रिस्तशरीर घेण्यासाठी स्वच्छ कापड पुढे करतात असे सांगतो. त्यामुळे पहिले मत पुष्ट होते. पण मग एकाच सभेने तीच गोष्ट दोनदा का सांगावी, याचे उत्तर मिळत नाही. दुसरे मत त्या दृष्टीने अधिक सुसंगत वाटते. मात्र ते निर्णायक नाही.

बाराव्या शतकात ग्रेशियनच्या चर्च-कायद्याच्या संहितेत (सु. ११४०) शिरोवस्त्राचे समर्थन करताना स्त्री ही देवाची प्रतिमा नाही, असा एक उतारा आला. तो संत अँब्रोसच्या नावावर चालत होता. आता तो अन्य लेखकाचा मानतात. स्त्री-पुरुष दोघेही देवाच्या प्रतिमेनुसार निर्माण झाले, या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाशी हे विधान विसंगत आहे. आजच्या प्रथेचे समर्थन त्यावर उभे नाही आणि ते तिच्यावर लादणे अन्यायाचे होईल.

संपूर्ण लॅटिन चर्चला (रोमन परंपरेच्या कॅथलिक चर्चला) लागू असा संहिताबद्ध नियम १९१७ च्या धर्मसंहितेत, १२६२ व्या कलमात आला: पुरुषांनी बोडक्याने, तर स्त्रियांनी डोके झाकून व शालीन वेषात, विशेषतः प्रभूच्या मेजाशी येताना, मिस्साला उपस्थित राहावे. विसाव्या शतकाच्या मध्यास अनेक देशांत टोपीची फॅशन ओसरली, तसे पर्समध्ये मावणारे लेसचे गोल तुकडे वापरात आले. तेही विसरले तर हातरुमाल किंवा कागदी रुमाल पिनेने केसांत खोचून वेळ निभावली जाई. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अनेक देशांत नियम रद्द होण्याआधीच प्रथा मोडली. १५ ऑक्टोबर १९७६ च्या ‘इंतेर इन्सिन्योरेस’ या घोषणापत्रात व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने शिरोवस्त्राचे बंधन किरकोळ शिस्तीच्या बाबींत धरले व त्याला आता नियमाचे बळ नाही, असे म्हटले. १९८३ च्या संहितेने, सहाव्या कलमान्वये, जुनी संहिताच रद्द केली आणि १२६२ व्या कलमाला समांतर कलम ठेवले नाही.

तरीही एक युक्तिवाद पुढे केला जातो. नव्या संहितेच्या २८ व्या कलमाप्रमाणे शंभर वर्षांची किंवा स्मरणातीत रूढी स्पष्ट उल्लेखाशिवाय रद्द होत नाही. म्हणून शिरोवस्त्राचे बंधन रूढी म्हणून टिकून आहे, असे काही जण मांडतात. हा युक्तिवाद हुशारीचा असला तरी टिकणारा नाही. रूढीला बळ देणारा समाजच ती पाळेनासा झाला आणि अधिकृत मंडळाने तिचे बंधन नाकारले, तर मागे उरते ती सवय, कायदा नव्हे. कार्डिनल रेमंड बर्क यांनी २०११ च्या एका पत्रात जुन्या लॅटिन विधीच्या (दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या सुधारणेपूर्वीच्या) मिस्साला शिरोवस्त्र अपेक्षित आहे, पण न घेतल्यास पाप नाही, असे म्हटले; नव्या विधीसाठी त्याची आवश्यकता नाही. १२६२ व्या कलमातील पुरुषांविषयीचा अर्धा नियमही लोपला, परंतु पुरुष आजही चर्चमध्ये टोपी काढतात आणि त्यावर वाद होत नाही.

अलीकडे विशेषतः तरुण स्त्रिया हे वस्त्र स्वेच्छेने घेऊ लागल्या आहेत, जुन्या विधीच्या मिस्साला आणि नव्याही. त्यांचे स्पष्टीकरण बहुधा असे असते: ख्रिस्तप्रसाद ठेवण्याच्या मंजूषेवर पडदा असतो, चषकावर आच्छादन असते, जे पवित्र ते झाकले जाते. स्त्रीने लज्जेपोटी डोके झाकावे, या टर्टुलियनच्या युक्तिवादाहून हे फार वेगळे आहे आणि स्त्रीच्या प्रतिष्ठेला अधिक न्याय देणारे आहे. ही जुन्या वस्त्रातली नवी भक्ती आहे, असे म्हणणे योग्य ठरेल. शेजारच्या बाकावरील उघड्या डोक्याच्या स्त्रीची श्रद्धा त्यावरून मोजणे मात्र या भक्तीच्या मुळावरच येते.

स्पेनमधील मँटिला रेशमी लेसचा असून कासवाच्या कवचाच्या किंवा तत्सम उंच फणीवरून सोडतात. चर्चमध्ये तो बहुधा फणीविनाच, कपाळाच्या वर पिनेने अडकवतात, कारण लेस गुळगुळीत केसांवरून घसरते. अविवाहितांनी पांढरा व विवाहित-विधवांनी काळा घ्यावा हा संकेत आहे, नियम नव्हे. कोरियात पांढरे ‘मिसाबो’ नव्या विधीच्या मिस्सातही सर्रास दिसते. पोपच्या भेटीला स्त्रियांनी काळा वेष व काळे शिरोवस्त्र घ्यावे असा राजशिष्टाचार होता. पांढऱ्याचा मान मोजक्या कॅथलिक राण्यांना असे.