जळणाऱ्या सर्किटांचं संगीत

१९५६ साली आलेल्या 'फॉरबिडन प्लॅनेट' या अमेरिकी विज्ञानपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकारांच्या नावाजवळ 'म्युझिक' हा शब्द नाही. तिथे लिहिलंय 'इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज' आणि दोन नावं: लुई आणि बीबी बॅरन. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये राहणाऱ्या या नवरा-बायकोने अख्ख्या सिनेमाचं पार्श्वसंगीत एकही वाद्य न वापरता केलं होतं. पूर्ण लांबीच्या सिनेमाला सबंध इलेक्ट्रॉनिक संगीत मिळाल्याचं हे पहिलं उदाहरण. थेरमिनसारखी इलेक्ट्रॉनिक वाद्यं तेव्हा होती, हॉलिवूडने ती वापरलीही होती; बॅरन जोडप्याने तीसुद्धा घेतली नाहीत. रॉबर्ट मूगचा सिंथेसायझर यायला तर अजून आठ वर्षं अवकाश होता.

मग आवाज आले कुठून?

गोष्ट सुरू होते लग्नाच्या आहेरापासून. १९४० च्या दशकाच्या शेवटी दोघांचं लग्न झालं, तेव्हा त्यांना भेट म्हणून टेपरेकॉर्डर मिळाला. आज हे ऐकून काहीच वाटणार नाही, पण तेव्हा अमेरिकेत हे यंत्र बोटांवर मोजण्याइतक्या लोकांकडे होतं. चुंबकीय टेपचं तंत्र जर्मनीत तयार झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर जॅक मलिन नावाच्या अमेरिकी सैन्यातल्या अभियंत्याने दोन जर्मन यंत्रं मायदेशी नेली, १९४६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत लोकांना ऐकवली, आणि १९४८ मध्ये अँपेक्स कंपनीचं यंत्र विक्रीला आलं. बॅरन मंडळी याच पहिल्या लाटेतली. कोरी टेप मिळणंही कठीण होतं, पण टेप बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीत लुईच्या नात्यातलं माणूस होतं, त्यामुळे तो प्रश्न सुटला.

टेप म्हणजे प्लॅस्टिकची लांब पट्टी आणि तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडची बारीक भुकटी. आवाजाचं विजेत रूपांतर करून ती वीज यंत्राच्या 'हेड'मधून सोडली की समोरून सरकणाऱ्या भुकटीचे कण कमी-जास्त चुंबकीत होतात. पट्टी पुन्हा हेडसमोरून नेली की तीच वीज, म्हणजे तोच आवाज, परत मिळतो. संगीत करणाऱ्याच्या दृष्टीने यातली मोठी गोष्ट अशी की आवाजाला लांबी आली. सेकंदाला ३८ सेंटिमीटर हा स्टुडिओतला नेहमीचा वेग. त्या हिशेबाने एका सेकंदाचा आवाज म्हणजे ३८ सेंटिमीटर पट्टी, आणि दशांश सेकंदाचा म्हणजे पावणेचार सेंटिमीटरपेक्षा किंचित जास्त. तो ब्लेडने कापता येतो, उलटा जोडता येतो, फेकूनही देता येतो. (सिनेमाच्या फिल्मवरही आवाजाला लांबी होतीच, पण फिल्म धुवावी लागते. टेप लगेच ऐकता येते आणि पुसून पुन्हा वापरता येते. एवढ्याशा सोयीने प्रयोगाची किंमत कुठल्या कुठे खाली येते.)

आता सर्किटांकडे. लुईला झाळण्याची, तारा जोडण्याची हौस होती. १९४८ मध्ये गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांचं 'सायबरनेटिक्स' हे पुस्तक आलं. महायुद्धात वीनर यांनी विमानवेधी तोफांच्या नेमबाजीच्या गणितावर काम केलं होतं. विमान कुठे जाईल याचा अंदाज घ्यायचा, चूक किती झाली ते पाहायचं आणि ती चूक परत गणितात घालायची. यंत्रही आणि प्राणीही स्वतःच्या कृतीचा परिणाम पुन्हा आत घेऊन स्वतःला सांभाळतात, हा त्या पुस्तकाचा गाभा. बहुतेकांनी ते पुस्तक तत्त्वज्ञान म्हणून वाचलं. लुईने त्यातल्या समीकरणांवरून सर्किटं बांधायला घेतली. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

त्या काळात ट्रान्झिस्टर नुकताच जन्मला होता, सगळा कारभार व्हॉल्व्हवर चाले. काचेच्या निर्वात नळीत एक तापलेला कॅथोड असतो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या धन टोकाकडे, म्हणजे ॲनोडकडे, धाव घेतात. मधे तारेची एक जाळी. जाळीवरचा विद्युत्दाब जरासा बदलला तरी इलेक्ट्रॉनांचा ओघ बराच बदलतो. हाच ॲम्प्लिफायर. आता बाहेर पडणाऱ्या विजेचा काही भाग परत जाळीवर सोडला तर? योग्य मेळ जुळला की सर्किट आपलं आपणच कंप पावायला लागतं. मंडपात माईक स्पीकरसमोर आला की कानात घुसणारी शिट्टी येते ना, ती याच तत्त्वाची, म्हणजे फीडबॅकची. साउंडवाला धावत जाऊन ती बंद करतो. लुईला ती सुरू ठेवायची होती, एवढाच फरक.

अशी दोन सर्किटं एकमेकांना जोडली की मजा वाढते. त्यासाठीची एक ठरलेली युक्ती म्हणजे रिंग मॉड्युलेटर. यात दोन आवाज आत सोडले की बाहेर त्यांच्या वारंवारतांची बेरीज आणि वजाबाकी येते, मूळचे दोन्ही गायब. ४४० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ४४० कंप) आणि ३०० हर्ट्झ आत गेले की ७४० आणि १४० बाहेर. कुठल्याही सुरेल वाद्याच्या आवाजात मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे स्वर मिसळलेले असतात, म्हणून कान त्यांना एकच स्वर समजतो. ७४० आणि १४० यांच्यात असं साधं नातं नाही. ऐकताना एखाद्या घंटेचा किंवा पत्र्याचा भास होतो, आणि सुराची पट्टी काही सापडत नाही. परग्रहासाठी हा आवाज किती सोयीचा, हे सांगायला नको.

पण बॅरनांची खरी खोड याच्याही पुढची होती. ते सर्किटांना झेपेल त्याहून जास्त वीज पाजायचे. व्हॉल्व्ह असा ताणला की तो नियमाने वागत नाही. आत येणाऱ्या विजेच्या प्रमाणात बाहेर वीज देण्याऐवजी तो लाटांची टोकं छाटतो, त्यातून नवे स्वर फुटतात. शिवाय तो तापतो, तापल्यावर त्याचे गुणधर्म सरकतात, ते सरकले की आवाज सरकतो, आणि हे सगळं फीडबॅकमुळे परत आतच येतं. सर्किट किंचाळायचं, गुरगुरायचं, अडखळायचं आणि शेवटी एखादा भाग जळून गप्प व्हायचं. तेच सर्किट पुन्हा बांधलं तरी तोच आवाज मिळत नसे. दोघं या सर्किटांना नट समजत, पात्रं समजत. खालच्या पायरीवरचे जीव जसे वागतात तशी ही वागतात, असं त्यांचं म्हणणं होतं. हे शब्दशः घ्यायचं कारण नाही. पण अभियंता ज्याला बिघाड म्हणतो त्याला त्यांनी अभिनय मानलं, आणि कामाची सगळी पद्धत त्यावर उभी केली.

कारण बिघाड ठरवून करता येत नाही. तो होताना टेप चालू असावी लागते. म्हणून टेप तासन्‌तास चालू असे, आणि मग ती ऐकायचं काम उरत असे. हे काम मुख्यतः बीबीचं.

बीबीने संगीताचं रीतसर शिक्षण घेतलं होतं, हेन्री कॉवेलसारख्या प्रयोगशील संगीतकाराकडेही ती शिकली होती. लुई बांधायचा, बीबी ऐकायची, असं या जोडीचं वर्णन सगळीकडे केलं जातं. ते ढोबळ आहे, कामं एकमेकांत मिसळायचीच. तरी त्यातून एक चुकीचा समज मात्र पसरला, की निर्मिती लुईची आणि बीबीची फक्त मदत. माझ्या मते उलट बाजूला वजन जास्त जातं. जळणारं सर्किट अर्धा तास बडबडेल. त्यातले कुठले चार सेकंद ठेवायचे, ते कशाशेजारी लावायचे, कुठे थांबायचं, हे सर्किटाला ठाऊक नसतं. संगीत होतं ते तिथे.

शिवाय ठेवायचा आवाज कच्च्या स्वरूपात बरेचदा बेकार वाटायचा. त्यात काय दडलंय ते ओळखायला वेगळा कान लागतो. समजा, ८,००० हर्ट्झच्या आसपासची, एक सेकंदाची बारीक किलबिल टेपवर आहे. टेप निम्म्या वेगाने चालवली की आवाज एक सप्तक खाली येतो आणि दोन सेकंद चालतो. यंत्राला मोजकेच वेग असतात, म्हणून हा मंदावलेला आवाज दुसऱ्या यंत्रावर पूर्ण वेगाने भरून घ्यायचा आणि ती नवी टेप पुन्हा निम्म्या वेगाने वाजवायची. असं सहा वेळा केलं की वेग चौसष्टाव्या हिश्शावर येतो. किलबिल आता १२५ हर्ट्झचा खर्ज झाली, आणि एक सेकंदाचं एक मिनिट चार सेकंद झालं. वर असताना जो नुसता खरखराट वाटत होता त्याचे ठोके आता सुटे सुटे ऐकू येतात, त्यात चक्क लय निघते. प्रत्येक नकलेबरोबर टेपची सळसळ मात्र वाढत जाते, म्हणून हा खेळ हवा तितका लांबवता येत नाही. वर आणखी टेपचाच प्रतिध्वनी: भरणाऱ्या हेडपासून थोड्या अंतरावर वाजवणारं हेड असतं, तिथला आवाज परत भरणाऱ्या हेडकडे पाठवला की तो ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा येत राहतो. म्हणजे इथेही फीडबॅकच.

सर्किटं आणि टेप यांच्या जोरावर त्यांचा ग्रीनिच व्हिलेजमधला स्टुडिओ शहरातल्या प्रयोगशील मंडळींचा अड्डा झाला. तिथे प्रयोगशील अमेरिकी संगीतकार जॉन केज आला. 'विल्यम्स मिक्स' या त्याच्या रचनेसाठी सुमारे ६०० आवाज हवे होते: शहराचे, खेड्याचे, इलेक्ट्रॉनिक, हाताने काढलेले, फुंकून काढलेले, आणि इतके लहान की वाढवल्याशिवाय ऐकू न येणारे. ते गोळा करून भरण्याचं काम बॅरनांनी केलं. मग केज आणि त्याचे सहकारी ते आवाज बारीक तुकड्यांत कापत बसले. तुकड्यांचा क्रम ठरत होता नाणी उडवून, 'आय चिंग' या कौल लावण्याच्या जुन्या चिनी ग्रंथाच्या पद्धतीने. जवळपास वर्षभराच्या कापाकापीतून हाती आलं सव्वाचार मिनिटांचं संगीत. त्या कामातला एक साथीदार डेव्हिड ट्यूडर. हाच ट्यूडर पुढे १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर घेऊन अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आला आणि आपल्याकडचा पहिला इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ तिथे उभा राहिला.

केजने या दोघांना धीर दिला की तुम्ही करताय ते संगीतच आहे. पण योगायोगाशी वागायची त्यांची रीत त्याच्यापेक्षा वेगळी होती. केज योगायोगाला निर्णय द्यायला सांगायचा आणि आलेला निर्णय पाळायचा. बॅरन योगायोगाकडून फक्त कच्चा माल घ्यायचे. सर्किटाने काहीही करावं. ठेवायचं काय ते आम्ही ठरवू.

सिनेमाचं काम मिळालं ते धिटाईने. एमजीएम स्टुडिओचे प्रमुख डोरी शॅरी यांच्या पत्नीच्या चित्रांचं प्रदर्शन न्यूयॉर्कला होतं. बॅरन तिथे गेले, त्यांनी ओळख काढली आणि आपलं संगीत ऐकवण्याची वेळ मागून घेतली. आधी थोडेसे आवाजच करून द्यायचे होते, नंतर सबंध पार्श्वसंगीत त्यांच्याकडे आलं. हॉलिवूडमध्ये बसून काम करायला ते तयार नव्हते, म्हणून सिनेमाची कच्ची प्रत घेऊन न्यूयॉर्कला परतले. प्रत्येक पात्रासाठी, प्रत्येक प्रसंगासाठी वेगळं सर्किट. ते जळलं की त्या पात्राचा आवाज टेपवर जेवढा असेल तेवढाच.

त्यामुळे पडद्यावर अवकाशयान उतरताना जो आवाज येतो तो यानाचा की पार्श्वसंगीताचा, हे सांगताच येत नाही. सिनेमाच्या धंद्यात ध्वनिपरिणाम आणि संगीत ही दोन खाती असतात, दोन माणसं ती सांभाळतात. इथे ती भिंतच नव्हती. याचाच त्यांना फटका बसला. ते वादकांच्या संघटनेचे सदस्य नव्हते. संघटनेकडून भांडण ओढवेल या धास्तीने स्टुडिओने 'म्युझिक' शब्द काढून 'टोनॅलिटीज' घातला, आणि ऑस्करसाठी संगीत म्हणून त्याचा विचार झाला नाही. त्या आवाजांची तबकडी त्यांनी स्वतःच काढली, तीही २० वर्षांनी, १९७६ मध्ये. हॉलिवूडने त्यांना असं काम पुन्हा दिलं नाही.

आजच्या जोड्यांकडे पाहिलं की ही पद्धत पुन्हा दिसते. इंग्लंडमधल्या रॉचडेलचे शॉन बूथ आणि रॉब ब्राउन 'ऑटेकर' या नावाने १९८० च्या दशकाच्या शेवटापासून एकत्र संगीत करतात. 'मॅक्स' या सॉफ्टवेअरमध्ये ते आधी एक यंत्रणा रचतात, नियम आणि थोडी अनिश्चितता तिच्यात भरतात, आणि ती काय वाजवते ते ऐकतात. फरक असा की तिथे काही जळत नाही. यंत्रणा आवडली तर फाइल जोडीदाराला पाठवता येते, आणि त्याच्याकडे ती तशीच चालते. लुईला हे जमणं शक्यच नव्हतं. त्यांच्या जोडीत दोघांना एकाच खोलीत असावं लागे, कारण सर्किट एकदाच बोलणार असे.

१९७० मध्ये लुई आणि बीबीचा घटस्फोट झाला, पण एकत्र संगीत करणं त्यांनी सोडलं नाही. १९८९ मध्ये लुई गेला तोपर्यंत ते चालू होतं. त्यानंतर बीबीने बरीच वर्षं काही रचलं नाही. २००० च्या सुमाराला सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने तिला आपल्या स्टुडिओत बोलावलं. तिथे संगणकावर तिने 'मिक्स्ड इमोशन्स' ही रचना केली. तेव्हा ती पंचाहत्तरीची होती.